धनको बदलण्याचे स्वातंत्र्य : अमेरिकेतील क्रेडिट कार्ड व्यवहाराचा ऐतिहासिक आढावा (१९५८ ते २००९)

प्रस्तावना

ज्याच्या अटी जाचक वाटतात तो धनको सोडून दुसऱ्याकडे जाण्याची मुभा ऋणकोस असली, की स्पर्धेमुळे व्याजदर आपोआप उतरतात, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील क्रेडिट कार्डाचा इतिहास हे गृहीतक तपासण्यास उपयुक्त ठरतो. कार्ड बदलण्याच्या मुभेचा लाभ तेथे कोणास व किती झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मर्यादामुक्त व्याजदर

सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे सुमारे ६०,००० कार्डे न मागता टपालाने पाठविली. फेड हप्त्याहप्त्याने करण्याची सोय असलेली ही उधारी लवकरच सर्वसामान्य कुटुंबांत पोहोचली. व्याजाची कमाल मर्यादा त्या काळी राज्यांचे कायदे ठरवीत. मार्क्वेट नॅशनल बँकेच्या खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की राष्ट्रीय बँकेस आपल्या मूळ राज्यातील दर अन्य राज्यांतील ग्राहकांनाही आकारता येईल. पुढे साउथ डकोटाने ही मर्यादा उठविली आणि १९८१ मध्ये सिटी बँकेने आपला कार्ड व्यवसाय न्यूयॉर्कमधून त्या राज्यातील सू फॉल्स येथे हलविला. अनुकूल अटींसाठी स्थलांतर करण्याचा लाभ अशा रीतीने प्रथम धनकोनेच घेतला.

स्पर्धा असूनही चढे दर

१९८० च्या दशकात बँकांना स्वतःला मिळणारा पैसा बराच स्वस्त झाला. कार्डांचे दर मात्र १८ टक्क्यांच्या आसपासच राहिले. कार्ड देणाऱ्या संस्था सुमारे ४,००० असतानाही असे का घडावे, हा प्रश्न लॉरेन्स ऑसुबेल यांनी १९९१ मध्ये उपस्थित केला. आपण थकबाकी ठेवणारच नाही या समजुतीने अनेक ग्राहक व्याजदराकडे दुर्लक्ष करतात, हे त्यांच्या विवेचनातील एक महत्त्वाचे कारण होय. पॉल कॅलेम व लोरेटा मेस्टर यांनी १९९५ मध्ये दुसरी बाजू पुढे आणली. ज्यांची थकबाकी मोठी, त्यांचे नवे अर्ज नाकारले जाण्याची शक्यताही अधिक होती. म्हणजे ज्याला धनको बदलण्याची निकड अधिक, त्यालाच नवा धनको मिळणे कठीण होते. नोव्हेंबर १९९१ मध्ये सिनेटने १४ टक्क्यांच्या मर्यादेस ७४ विरुद्ध १९ मतांनी संमती दिली. परंतु तिचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

थकबाकीचे हस्तांतरण

याच सुमारास व्हर्जिनियातील सिग्नेट बँकेत रिचर्ड फेअरबँक व नायजेल मॉरिस यांनी ग्राहकांच्या माहितीचे पृथक्करण करून, जुनी थकबाकी आपल्याकडे आणणाऱ्यास आरंभी कमी व्याज आकारण्याची योजना राबविली. या विभागातून १९९४ मध्ये कॅपिटल वन ही कंपनी उभी राहिली. इतरांनीही तिचे अनुकरण केले व दरांची स्पर्धा खरोखर सुरू झाली.

परंतु खरी गोम भरणा वळता करण्याच्या नियमात होती. समजा, एखाद्याने २,००० डॉलरची थकबाकी ४ टक्क्यांनी हस्तांतरित केली आणि त्याच कार्डावर १८ टक्के दराने ५०० डॉलरची खरेदी केली. त्याने ५०० डॉलर भरले, तर अनेक बँका ती रक्कम प्रथम स्वस्त कर्जाकडे वळती करीत. महाग कर्ज तसेच राही व त्यावर व्याज चढत जाई. २००९ च्या कार्ड कायद्याने ही पद्धत बदलली. किमान हप्त्याहून अधिक भरलेली रक्कम सर्वाधिक व्याजाच्या बाकीकडे वळविणे आणि सवलतीचा दर किमान सहा महिने टिकविणे बंधनकारक झाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की धनको बदलण्याच्या मुभेने व्याजदर काही प्रमाणात उतरविले. तथापि तिचा लाभ प्रामुख्याने पत शाबूत असलेल्यांस मिळाला. उरलेल्यांचे संरक्षण कायद्यालाच करावे लागले. भारतीय वाचकांसही हा अनुभव दूरचा नाही. कार्डावरील व्याजास ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविला. अशा वेळी 'दुसरे कार्ड घ्या' हा सल्ला देताना, ते कोणास मिळू शकते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.