शहाद्याचा जमीन-प्रश्न आणि सरकारी धोरण

सरकारचे धोरण मुंबईच्या सचिवालयात ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नव्हे, पण अपुरा आहे. कायद्याचा मसुदा तेथे होतो. मात्र त्याची निकड कोठे उत्पन्न झाली, हे पाहावयाचे तर शेताच्या बांधावरच जावे लागते. शहादे तालुक्यातील आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न हे याचे उत्तम उदाहरण होय. हा तालुका त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. आमच्या वाचकांत शेती बाळगणारे पुष्कळ असल्याने हा विषय काहींना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्ञातीच्या स्मरणिकेत गोड तेवढेच लिहावे, असा काही दंडक नाही.

तापीकाठची जमीन काळी व कसदार. भिल्ल शेतकरी अडचणीच्या दिवसांत दाणे वा रोकड उचली आणि त्यापोटी जमीन लिहून देई. व्याज फिटत नसे. कालांतराने सात-बाराच्या उताऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढे. मग तोच मनुष्य त्याच शेतात सालदार म्हणून राबे. कागद पुष्कळदा नियमास धरूनच केलेला असे, ही त्यातील खरी मेख होती. पुणे-नगरकडील शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांची दप्तरे जाळली, तेव्हा सरकारने चौकशी मंडळ नेमले व १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. शहाद्याच्या भिल्लाचे गाऱ्हाणे सरकारदरबारी पोहोचण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली.

ते पोहोचविण्याचे श्रेय प्रथम अंबरसिंग महाराजांस दिले पाहिजे. भजनी मंडळींत वावरणाऱ्या या भिल्ल कार्यकर्त्याने आपल्या समाजास एकत्र आणले. १९७१ च्या मार्चमध्ये सरकारने आदिवासींच्या जमिनींच्या प्रश्नावर महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मे महिन्यात पाटीलवाडी येथे रक्त सांडले आणि आजवर आडबाजूचा असलेला हा तालुका महाराष्ट्रभर माहीत झाला. सर्वोदयी मंडळी आली, शहरांतून सुशिक्षित तरुण आले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला व त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. स्त्रियांनी तर दारूची मडकी फोडून आपली वेगळीच आघाडी उघडली.

जमीनधारकही स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पीक-संरक्षणासाठी संस्था उभारली. पीक राखणे हा शेतकऱ्याचा हक्कच आहे, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु त्यांच्यापाशी सहकारी सोसायट्या होत्या, पुढाऱ्यांच्या ओळखी होत्या. समोरच्यापाशी पायी मोर्च्याखेरीज दुसरे साधन नव्हते. हा फरक ध्यानात घेतल्यावाचून त्या काळचा न्याय करता येणार नाही.

समितीचा अहवाल १९७२ साली आला. पुढे १९७४ च्या दुरुस्तीने आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाण्यास बंदी झाली. त्यापाठोपाठ गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा आला आणि १ नोव्हेंबर १९७५ पासून तो अंमलात आला. त्याची कलमे वाचताना दोन्ही पक्षांचे हात त्यावरून फिरल्याचे दिसते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेले व्यवहारच त्यात घेतले. त्याआधी गेलेली जमीन या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. जमीन परत घेणाऱ्या आदिवासीने आकाराच्या ४८ पट रक्कम व सुधारणांची किंमत द्यावी, असेही ठरले. ज्याची जमीन कर्जापायी गेली, त्याने ही रक्कम कोठून आणावी? आमच्या मते या कलमात जमीनधारकांचे वजन स्पष्ट दिसते. तरीही राज्यातील जमीनधारकांस कायदा जाचक वाटला व वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे १९८४ साली तो वैध ठरला.