यंत्र घरी आले

सुताराचे हत्यार मूळचे फिरते. करवत, रंधा, वाकस, पटाशी आणि गिरमिट एवढी सामग्री एका झोळीत मावत असे, आणि जेथे काम असेल तेथे सुतार जाऊन बसे. महाराष्ट्रातील बलुतेदार सुतार जमिनीवर बसून, पायांनी लाकूड दाबून धरून ते घडवी. युरोपातील सुतार उभ्याने, जड बाकावर काम करी. पद्धती भिन्न, पण हत्यार माणसाबरोबर चाले ही गोष्ट दोहोंकडे समान होती. ही सोबत यंत्रयुगाने प्रथम मोडली आणि पुढे शतकाहून अधिक काळाने निराळ्या रूपात पुन्हा जुळवून दिली. आज जगातील अनेक घरांत आढळणारी लहानशी सुतारशाळा, तिच्यातील चाकांवरची यंत्रे आणि सांधे कापण्याची सुटसुटीत साधने, ही या दीर्घ कथेची अलीकडची पाने होत.

कथेचा आरंभ इंग्लंडच्या आरमारी गोदीत होतो. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम यांचे धाकटे बंधू सॅम्युएल बेंथॅम यांनी लाकूडकामाच्या यंत्रांची विस्तृत कल्पना १७९३ सालच्या आपल्या पेटंटात मांडली. पुढे आरमाराच्या बांधकामांचे अधिकारी असताना त्यांच्याच पाठिंब्याने पोर्ट्‌स्मथ येथे जहाजांच्या कप्प्या करणारा कारखाना उभा राहिला. शिडांचे दोर ओढण्यासाठी एका मोठ्या युद्धनौकेला अशा सुमारे हजार कप्प्या लागत. मार्क ब्रुनेल यांनी यंत्रांची योजना केली आणि हेन्री मॉड्‌स्ले यांनी ती घडविली. लाकूड कापणे, भोक पाडणे, खाच पोखरणे, आकार देणे अशा प्रत्येक क्रियेला स्वतंत्र यंत्र होते. १८०८ च्या सुमारास तेथे वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या तयार होऊ लागल्या, आणि पूर्वी ११० कसबी कारागीर जे काम करीत ते दहा साध्या मजुरांकडून होऊ लागले. या एका हिशेबात पुढच्या शतकाचे भवितव्य सामावलेले आहे. कसब हातातून निघाले आणि यंत्रात जाऊन बसले. आणि यंत्र जागचे हलणारे नव्हते.

वाफेच्या एंजिनाची शक्ती छताखालच्या लांब लोखंडी दांड्यावरून, चामडी पट्ट्यांच्या योगे प्रत्येक यंत्राला पोहोचत असे. त्यामुळे यंत्र दांड्याखाली बांधलेले, आणि कामगार यंत्रापाशी बांधलेला. घरी काम करणाऱ्या सुताराला ही शक्ती परवडणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी काही उद्योजकांनी वेगळी वाट शोधली. अमेरिकेतील रॉकफर्ड गावच्या बार्न्स बंधूंच्या कंपनीने १८७० नंतरच्या काळात पायाने चालविण्याच्या करवती आणि चरक बाजारात आणले. शिवणयंत्राप्रमाणे पाय हलवीत नक्षी कापण्याचा छंद त्या काळी घरोघर पसरला. घरगुती यंत्रशाळेचे बीज येथे पडले. पण शक्ती अद्याप माणसाच्या पोटऱ्यांचीच होती.

खरा पालट विजेने घडविला. वीज तारेतून येते, म्हणून मोटार यंत्राच्या अंगातच बसविता येते; आणि मोटार लहान करता आली की यंत्रच हातात धरता येते. १८९५ साली स्टुटगार्ट येथील फाइन कंपनीने हातात धरून चालविण्याचे विजेचे भोक पाडणारे यंत्र केले. त्याचे वजन सुमारे साडेसात किलो होते. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायची कळ ही आज सर्वांच्या परिचयाची रचना अमेरिकेतील ब्लॅक आणि डेकर यांची. तिचे पेटंट त्यांना १९१७ साली मिळाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत एडमंड मिशेल यांनी हातात धरण्याची विजेची गोल करवत तयार केली. लाकूड उचलून यंत्राकडे न्यावे लागत होते, ते आता यंत्र उचलून लाकडाकडे नेता येऊ लागले. दिसायला हा बदल लहान. परंतु मालक कोण आणि चाकर कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याने उलटे केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे वाढली, घरामागे मोटारखाना आला आणि त्यात सुतारकामाची हौस शिरली. तेव्हा अडचण पैशाइतकीच जागेचीही होती. नाझी जर्मनीतून अमेरिकेत आलेले अभियंते हान्स गोल्डश्मिट यांनी १९४७ साली ‘शॉपस्मिथ’ हे यंत्र आणून त्यावर एक उत्तर दिले: एकच मोटार, आणि तिच्यावर करवत, चरक, घासण्याची तबकडी व भोक पाडण्याची सोय. दुसरे उत्तर अधिक साधे होते. जड यंत्राखाली चाकांची चौकट बसवावी, काम नसताना ते भिंतीशी ढकलावे आणि वेळ आली की ओढून चाके कुलुपबंद करावीत. ज्या खोलीत रात्री मोटार उभी राहते, तीच दिवसा सुतारशाळा होते ती या चाकांमुळे.

बाकाचीही कथा अशीच. लोटस कंपनीच्या मोटारींचे रचनाकार रॉन हिकमन १९६१ साली घरी एक कपाट करीत होते. आधारासाठी घेतलेली चांगली खुर्ची करवतीखाली सापडली आणि कापली गेली. त्या नुकसानीतून त्यांना घडीचा, दोन फळ्यांत लाकूड आवळून धरणारा बाक सुचला. अनेक कंपन्यांनी तो नाकारला. त्यांत ब्लॅक अँड डेकरही होती. हिकमन यांनी १९६८ पासून तो स्वतः विकला, आणि १९७२ साली ब्लॅक अँड डेकरनेच ‘वर्कमेट’ या नावाने त्याचे उत्पादन हाती घेतले. पुढे त्याची विक्री कोटींच्या संख्येने झाली.

परंतु सुतारकामाचा प्राण सांध्यात असतो. एका लाकडाला चौकोनी खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारे कुसू. किंवा पेटीच्या कोपऱ्यावर कबुतराच्या शेपटीसारखे गुंतलेले दाते. हे साधायला पूर्वी वर्षांची उमेदवारी लागे. त्यातच लाकडाच्या चुऱ्याचे तक्ते प्रचारात आले, आणि त्यांच्यात जुने सांधे टिकेनात. स्वित्झर्लंडचे सुतार हेर्मान स्टाइनर यांनी १९५०-६० च्या दशकात यावर तोड काढली. दोन्ही तुकड्यांत अर्धचंद्राकृती चीर पाडायची आणि तीत दाबलेल्या बीच लाकडाची लंबगोल चकती सरसासह बसवायची. सरसाच्या ओलाव्याने चकती फुगते आणि सांधा आवळला जातो. ही चीर पाडणारे यंत्रही पुढे हातात मावू लागले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तर सुटे कुसू बसविण्यासाठी खाच पोखरणारे हातयंत्रही आले. जे काम तासाचे होते ते मिनिटांत उरकू लागले.

या सोयीची किंमतही आहे. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगास कारण होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले. म्हणून भुसा ओढून घेणारे यंत्र घरच्या सुतारशाळेत चैनीचे मानता येत नाही. करवतीने बोटे तुटण्याचे अपघात एवढे, की त्वचेचा स्पर्श होताच पाते क्षणार्धात थांबविणारी युक्ती स्टीफन गॅस यांना १९९९ साली शोधावी लागली. शिवाय लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, हे कोणतेही यंत्र जाणत नाही. कोणती फळी कोठे लावावी, तंतू कोणत्या दिशेने ठेवावा आणि सांध्याला किती मोकळीक द्यावी, याचा निर्णय आजही माणसाचाच. पोर्ट्‌स्मथच्या यंत्राने हाताचे कसब घेतले, पण नजरेचे घेता आले नाही.

भारतात या कथेला एक निराळे वळण मिळाले आहे. पाश्चात्त्य देशांत लहान यंत्राने हौशी माणसाचे घर गाठले. येथे ते मुख्यतः धंदेवाईक सुताराच्या पिशवीत शिरले. मुंबईच्या वा पुण्याच्या एखाद्या नव्या सदनिकेत आजही सुतार येतो, रिकाम्या खोलीत फळ्या पसरतो, भिंतीतील विजेला तार जोडतो, आणि ज्या घरात कपाट राहावयाचे त्याच घरात ते घडवितो. झोळीची पिशवी झाली आणि करवतीला मोटार लागली. मधल्या काळात यंत्राने कारागिराला आपल्या दारी बोलाविले होते. आता यंत्रच त्याच्या खांद्यावर बसून कामावर निघाले आहे.