कप्तानाची पत्नी आणि रेखांशाचे गणित

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील, विशेषतः मेन व मॅसॅच्युसेट्स या राज्यांतील, शिडाच्या मालवाहू जहाजांचे अनेक कप्तान पत्नीला सफरीवर बरोबर नेत असत, कारण वर्ष-दीड वर्ष चालणाऱ्या सफरींमुळे संसार करायचा तर तो जहाजावरच करावा लागे. अशा जहाजाला खलाशी ‘हेन फ्रिगेट’, म्हणजे कोंबडीचे जहाज, असे हिणवत. कप्तानाच्या पत्नीचा वावर जहाजाच्या पिछाडीपुरता असे. मुलेही प्रवासातच जन्मत. खलाशांची गाणी पुढे ग्रंथरूपात आणणारी जोआना कोलकॉर्ड १८८२मध्ये समुद्रावरच जन्मली.

या एकांतात काही स्त्रिया पतीकडून नौकानयन शिकल्या. सेक्स्टंट, म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजण्याचे उपकरण, वापरून स्थानिक वेळ काढायची आणि क्रोनोमीटर या अचूक घड्याळातील ग्रीनिचच्या वेळेशी ती ताडून फरकावरून रेखांश काढायचा, असे ते गणित होते. चार मिनिटांची चूक झाली तर रेखांश एक अंशाने, म्हणजे विषुववृत्तावर ६० सागरी मैलांनी, चुके.

मेरी अ‍ॅन पॅटन हे गणित आधीच्या सफरीत शिकली होती. १ जुलै १८५६ रोजी ‘नेपच्यून्स कार’ हे क्लिपर, म्हणजे वेगासाठी निमुळते बांधलेले जहाज, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले. पहिल्या मेटला, म्हणजे कप्तानाच्या दुय्यम अधिकाऱ्याला, कर्तव्यातील कुचराईबद्दल कैदेत टाकलेले होते, दुसऱ्याला नौकानयन येत नव्हते, आणि केप हॉर्नच्या वादळी टापूत कप्तान जोशुआ पॅटन आजाराने कोसळला. तेव्हा एकोणीस वर्षांच्या, गरोदर मेरीने पतीची शुश्रूषा करत जहाजाचा मार्ग आखला. कैदेतल्या मेटने सूत्रे मागितली, तिने ती दिली नाहीत, आणि खलाशी तिच्या पाठीशी उभे राहिले. १५ नोव्हेंबरला जहाज बंदरात पोहोचले.

त्या काळच्या वृत्तपत्रांनी तिच्या पतिनिष्ठेचे गोडवे गायले, विमा कंपन्यांनी १,००० डॉलर दिले. तिची निष्ठा थोरच होती. परंतु जहाज वाचले ते तिच्या गणितामुळे, आणि इतिहासाने तिची नोंद प्रथम नौकानयनज्ञ म्हणूनच घ्यायला हवी. जोशुआ १८५७मध्ये वारला आणि १८६१मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मेरी क्षयाने मरण पावली. किंग्ज पॉइंट येथील अमेरिकी व्यापारी नौदल अकादमीच्या रुग्णालयाला तिचे नाव दिलेले आहे.