येलहंका : स्वस्त वाहतुकीची तीन पर्वे

बंगळूरच्या इतिहासग्रंथांत येलहंक्याचा निर्देश बहुधा एका वाक्यापुरता येतो. 1537 मध्ये बंगळूर वसविणारा पहिला केंपेगौडा हा येलहंका नाडाचा प्रभू होता, एवढे नोंदवून इतिहासकार नव्या नगराकडे वळतात. मराठी वाचकाला त्यापुढील दुवा परिचित असतो. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर जिंकले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त उमटले आणि वि. का. राजवाडे यांच्या संपादनामुळे ते आधुनिक अभ्यासकांसमोर आले. राजसत्तांच्या या इतिहासाखाली वाटांचा आणि वाहनांचा एक इतिहास दडलेला आहे, आणि त्याच्याकडे साहित्याच्या व इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. गरीब देशात वाहतूक स्वस्त कशी करावी, आणि ती स्वस्त झाल्यावर तिचा लाभ कोणाच्या पदरी पडतो, हे दोन प्रश्न येलहंक्याच्या भूमीवर तीन वेळा उभे राहिले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी सापडले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अपुरेच राहिले.

लोहमार्गापूर्वी या पठारावरील वाहतूक मुख्यतः बैलाच्या पाठीवर चालत असे. 1800 मध्ये म्हैसूर प्रांतातून प्रवास करणाऱ्या फ्रान्सिस बुकॅनन याने बंगळूरच्या पेठेचे वर्णन केले आहे. पुण्याकडचे व्यापारी तेथे शाली, केशर, कस्तुरी आणि सुरतेचे मोती आणीत, असे त्यावरून दिसते. हा माल वजनाने हलका व मोलाने भारी होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. बैलाच्या पाठीवरचे भाडे केशराला परवडते, ज्वारी-नाचणीला परवडत नाही. धान्य आपल्या पंचक्रोशीतच राहते; आणि जेथे ते पिकत नाही, तेथे माणसे उपाशी राहतात.

1876 ते 1878 च्या दुष्काळाने हे सत्य निष्ठुरपणे सिद्ध केले. मद्रासकडून येणारी आगगाडी 1864 पासूनच बंगळूरला पोहोचली होती. धान्य तेथपर्यंत येऊ शकत होते. पुढे ते नेणारे बैल मात्र चाऱ्यावाचून मरत होते. म्हैसूर संस्थानात लाखो माणसे दगावली. त्याच वर्षांत दख्खनच्या मराठी मुलखातही हेच घडत होते. 1880 च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्गांच्या विस्तारावर भर दिला, त्यामागे हा अनुभव होता.

येलहंक्याला आगगाडी आली ती या पार्श्वभूमीवर. दुष्काळाने कर्जबाजारी झालेल्या म्हैसूर संस्थानाने 1886 मध्ये आपला लोहमार्ग सदर्न मराठा रेल्वे कंपनीच्या हवाली केला. धारवाड हे केंद्र असलेल्या या कंपनीच्या नावातील ‘मराठा’ हा शब्द अशा रीतीने शहाजीराजांच्या जुन्या जहागिरीत, तलवारीऐवजी वाफेच्या जोरावर, पुन्हा शिरला. 1892-93 च्या सुमारास बंगळूरहून येलहंक्यामार्गे हिंदुपूरकडे जाणारा मार्ग खुला झाला. तो मीटरमापी होता. रुंदमापी मार्गाचा खर्च टाळण्यासाठी हिंदुस्थान सरकारने 1870 च्या सुमारास स्वीकारलेले हे माप म्हणजे काटकसरीचा पहिला धडा होय. दुष्काळाविरुद्धचा विमा म्हणून या मार्गाने आपले काम केले. तथापि त्याची दिशा गुंतकलच्या जोडस्थानकाकडे होती. पूर्वेकडील देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर, कोलार ही गावे बैलगाडीच्याच आधारे राहिली.

दुसरे पर्व या गावांचे आहे, आणि त्याची पूर्वपीठिका महाराष्ट्रात घडली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फूट मापाचा मार्ग सुरू केला. त्याचा विचार साधा होता. गाडीचा भार सर्व आसांवर सारखा वाटावा आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू देऊ नये. म्हणजे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, भराव कमी लागतो, आणि एरवी कोणी भांडवल गुंतवणार नाही अशा मुलखातही आगगाडी परवडते. बार्शी लाइट रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेली. वारकऱ्यांनी भरून वाहणारे तिचे डबे हा स्वस्त वाहतुकीच्या सामाजिक अर्थाचा सर्वांत बोलका पुरावा होय.

याच अडीच फुटी मापाचा मार्ग 1913 मध्ये बोरिंगपेठ, म्हणजे आजचे बंगारपेठ, येथून कोलारपर्यंत झाला. आणि 1915 च्या सुमारास बंगळूरकडून येलहंका, देवनहळ्ळी, नंदी या वाटेने चिक्कबळ्ळापूरपर्यंत. पुढे ही दोन टोके जोडली गेली. 1912 ते 1918 या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचे. त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांनी त्यांची कीर्ती पसरली. कमी खर्चात अधिक लोकोपयोग ही त्या पिढीतील अभियंत्यांची दृष्टी या छोट्या मार्गाशी सुसंगत होती.

अरुंद मापाचे दोष नाकारण्याचे कारण नाही. गाडी मंद होती. जेथे दोन मापे भेटत, तेथे प्रत्येक पोते एका वाघिणीतून दुसरीत हमालाच्या पाठीवरून जाई, आणि मार्ग बांधताना वाचलेला पैसा हळूहळू या चढउतारीत खर्ची पडे. मोटार लॉरी व एस.टी. बस यांनी नेमका हा दुबळा बिंदू हेरला, कारण रस्त्यावरचे वाहन दारापासून दारापर्यंत जाते. बार्शीची कंपनी 1954 मध्ये सरकारने विकत घेतली. म्हैसूरचे मार्गही भारतीय रेल्वेत विलीन झाले. मंद गाड्या काटकसरीच्या ठेवणीतून तोट्याच्या यादीत गेल्या. त्या यादीत प्रवाशाचे तिकीट मोजले जाई. त्या तिकिटामुळे बाजार गाठू शकलेली भाजीची टोपली मोजली जात नसे.

तिसरे पर्व चाकाचे आहे. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभापर्यंत भारतीय रेल्वे आपल्या चाकांच्या व आसांच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक माल परदेशांतून आणीत असे. सप्टेंबर 1984 मध्ये येलहंक्याला चाक व आस कारखान्याचे उद्घाटन झाले. 2003 पासून तो रेल व्हील फॅक्टरी या नावाने ओळखला जातो. झिजलेली चाके, मोडके आस आणि तत्सम भंगार तेथे विजेच्या प्रज्योत भट्टीत वितळविले जाते आणि तो रस हवेच्या दाबाने ग्रॅफाइटच्या साच्यात खालून वर चढविला जातो. जुन्या चाकातून नवे चाक जन्मते. लोखंडी रुळावरून लोखंडी चाक धावताना घर्षण अत्यल्प होते, म्हणून थोड्या शक्तीत मोठा भार ओढता येतो. आगगाडीच्या स्वस्ताईचे मूळ या भौतिक सत्यात आहे. टिकाऊ वाहतुकीची जी चर्चा जगभर पुढे आली, तिचे सार या एका वस्तूत सामावले आहे.

परंतु देशाला चाके पुरविणाऱ्या या गावाच्या स्वतःच्या प्रवासाचे काय झाले? नव्वदच्या दशकात येलहंका–चिक्कबळ्ळापूर मार्ग रुंदमापी झाला. चिक्कबळ्ळापूर–कोलार हा उरलेला तुकडा 2013 मध्ये. मापांचा भेद मिटला, पण गाड्या मोजक्याच राहिल्या. मे 2008 मध्ये देवनहळ्ळीजवळ नवे विमानतळ सुरू झाले आणि पुढे त्याला केंपेगौडाचे नाव मिळाले. विमानतळाच्या कुशीतून जाणाऱ्या या लोहमार्गावर तेथे थांबा मिळण्यास जानेवारी 2021 उजाडावे लागले. मधल्या काळात येलहंक्यावरून जाणारा बळ्ळारी रस्ता रुंद झाला, त्यावर उन्नत मार्ग उभारला गेला. आणि विमानतळावर झाडलोट करणारा, सामान उचलणारा, पहारा देणारा कामगार बस व दुचाकीवर विसंबून राहिला. ज्याला विमानाचे तिकीट परवडते त्याच्यासाठी रस्ता तातडीने झाला. ज्याला लोकलचे तिकीट परवडते त्याला तेरा वर्षे थांबावे लागले.

ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्र सरकारने बंगळूरच्या सुमारे 148 किलोमीटरांच्या उपनगरी लोहमार्गाला मंजुरी दिली आणि जून 2022 मध्ये त्याची कोनशिला बसविण्यात आली. आराखड्यातील चार मार्गांपैकी दोन येलहंक्यातून जातात. त्यांतील एकाचे टोक देवनहळ्ळीला आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अडीच फुटी गाडीने जी दिशा धरली, तीच ही दिशा होय. त्याच जुन्या वाटेवरील नंदी, देवनहळ्ळी, दोड्डजाला ही दगडी स्थानके वारसा म्हणून जपण्याचे प्रयत्नही अलीकडे झाले. वारसा जपणे चांगलेच. पण स्थानकाचा खरा वारसा त्याच्या कमानीत नसून त्याच्या वेळापत्रकात असतो.

या तीन पर्वांचा निष्कर्ष त्यामुळे तंत्राच्या बाजूने आशादायक व समाजाच्या बाजूने अस्वस्थ करणारा आहे. मीटरमापी मार्ग, हलका मार्ग आणि भंगारातून घडलेले चाक ही तिन्ही उत्तरे गरीब देशाने आपल्या ऐपतीत शोधलेली, आणि तिन्ही यशस्वी होती. उणीव राहिली ती अल्प अंतराच्या, अल्प भाड्याच्या प्रवाशाला हिशेबात धरण्याची. 1877 मध्ये बंगळूरच्या फलाटापर्यंत धान्य आले आणि पुढच्या दहा कोसांसाठी अडले. अंतराची ती शेवटची मजल कोणासाठी आणि केव्हा पुरी केली जाते, यावरच कोणत्याही वाहतूकव्यवस्थेची स्वस्ताई अखेर मोजावी लागते.