‘सेटलमेंट’ : एका शब्दाची अनेक बिऱ्हाडे

महसूल खात्यातील नोकरीमुळे ‘सेटलमेंट’ हा इंग्रजी शब्द आमच्या नित्य परिचयाचा. आमच्या मध्य प्रदेशात त्याला ‘बंदोबस्त’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘जमाबंदी’. जमीन मोजून तिचा सारा ठरविणे, एवढाच त्याचा अर्थ आम्ही जाणत होतो. निवृत्तीनंतर इतिहासाचे वाचन वाढले आणि हा समज टिकला नाही.

या शब्दाचे मूळ ‘आसन’ या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी शब्दात आहे. बसविणे, स्थिर करणे हा त्याचा गाभा. परंतु कोणी, कोणाला, कोठे बसवावे? इंग्लंडमधील १६६२ च्या कायद्यात ‘सेटलमेंट’ म्हणजे गरिबाचा आपल्या पॅरिशकडून साहाय्य मिळविण्याचा हक्क. पोटासाठी परगावी आलेल्याचा भार आपल्यावर पडेल, अशी तक्रार तेथील अधिकाऱ्यांनी चाळीस दिवसांत केली, तर त्याची मूळ ठिकाणी रवानगी होई. १७०१ च्या कायद्यात हाच शब्द राजगादीचा वारसा ठरवितो. त्याच आधारे १७१४ मध्ये हॅनोव्हरचा जॉर्ज सिंहासनावर आला. परका राजा स्थिरावला. परगावचा गरीब मात्र उपराच राहिला!

कंपनी सरकारबरोबर हा शब्द हिंदुस्थानात रुजला. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगालात जमीनदारांशी सारा कायमचा ठरविला, तो ‘कायमधारा’. दख्खनमध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून शेतवार आकारणी केली. तिची मुदत तीस वर्षांची. पेनांग, मलाक्का व सिंगापूर ही ठाणी १८२६ मध्ये एकत्र आली, ती ‘स्ट्रेट्स सेटलमेंट्स’ म्हणून. १८५८ पासून अंदमानात कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिलाही हेच नाव. सावरकरांना १९११ मध्ये तेथेच नेण्यात आले. त्याच वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये कित्येक निरपराध कुटुंबे जन्माच्या शिक्क्यामुळे हजेरी व पहाऱ्याखाली आली. सोलापूरची ‘सेटलमेंट’ त्यांपैकीच. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. वस्तीचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

मराठीने या अर्थांना जमाबंदी, कायमधारा, वसाहत, तडजोड अशी निरनिराळी घरे दिली आहेत. म्हणून घराण्याचे जुने इंग्रजी कागद वाचताना ‘सेटलमेंट’ दिसताच ‘वसाहत’ लिहून मोकळे होऊ नये. पूर्वजांनी येथे वस्ती केली की केवळ त्यांच्या इनामाची चौकशी होऊन आकार ठरला, हे त्या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून असते.

पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या आपणांस यातील दुसरा बोध अधिक जवळचा. स्वेच्छेने बसणे आणि सत्तेने बसविणे, यांतील अंतर इंग्रजी शब्द झाकतो. आपले पूर्वज बहुधा सत्तेबरोबर आले आणि सन्मानाने स्थिरावले. सोलापूरच्या तारांआड बसविलेल्यांना ती निवड नव्हती. दोहोंना एकच शब्द लावताना क्षणभर थांबावे, एवढेच आमचे म्हणणे.