एबेट्स फील्ड
न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील जुने बेसबॉल मैदान (१९१३–१९६०) आणि ब्रुकलिन डॉजर्स संघाचे घर. संघमालक चार्ल्स एबेट्स यांनी ‘पिगटाउन’ नावाच्या गलिच्छ वस्तीतील जमिनीचे तुकडे गुपचूप, एकेक करून विकत घेतले. कचरा टाकण्याच्या त्या जागेवर विटांच्या कमानींचे देखणे क्रीडागार उभे राहिले.

सुमारे ३२ हजार प्रेक्षक मावणाऱ्या या मैदानात प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात अंतर फारच थोडे होते. धावफलकाखाली एब स्टार्क या कपडेविक्रेत्याची जाहिरात होती : फलकावर चेंडू मारा, सूट मिळवा! पुढे हाच स्टार्क ब्रुकलिनचा बरो-अध्यक्ष झाला.

बेसबॉलच्या प्रमुख साखळीतील दूरचित्रवाणीवर दाखवलेला पहिला सामना २६ ऑगस्ट १९३९ रोजी येथूनच प्रक्षेपित झाला. मात्र मैदानाची खरी ओळख १५ एप्रिल १९४७ची. त्या दिवशी कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि प्रमुख साखळीतील कृष्णवर्णीयांवरची अनेक दशकांची अघोषित बंदी मोडली.

१९५५मध्ये डॉजर्सनी ब्रुकलिनसाठी एकमेव जागतिक अजिंक्यपद जिंकले. पण मैदान जुने, वाहनतळ अपुरा. मालक वॉल्टर ओ’मॅली यांना नवे क्रीडागार हवे होते. मनासारखी जागा न मिळाल्याने संघ लॉस एंजेलिसला गेला. २४ सप्टेंबर १९५७च्या डॉजर्सच्या येथील अखेरच्या सामन्याला जेमतेम सात हजारांच्या आसपास प्रेक्षक होते.

फेब्रुवारी १९६०मध्ये पाडकाम सुरू झाले. त्यासाठीचा लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगवला होता. आज तेथे निवासी इमारती आहेत.