सूर्याला डाग कसा असेल?

स्मरणिकेसाठी ‘खगोलशास्त्रावर काहीतरी लिहा’ असं समितीने सांगितलं, तेव्हा मला सूर्याच्या डागांवरून झालेलं चारशे वर्षांपूर्वीचं भांडण आठवलं.

आकाशातल्या ज्योती शुद्ध, त्यांच्यात बदल नाही, ही ॲरिस्टॉटलची शिकवण युरोपात तेव्हा पक्की होती. १६०७ मध्ये केप्लरला सूर्यबिंबावर काळा ठिपका दिसला, तर तो त्याला बुध ग्रह वाटला! पुढे दुर्बीण आली. १६११ मध्ये जर्मनीतल्या इंगोलस्टाटचा जेझुइट धर्मगुरू ख्रिस्टोफ शायनर याला असे अनेक ठिपके दिसले. त्याने टोपणनावाने पत्रं छापली. त्याचा मुद्दा असा: डाग सूर्यावरच असते तर सूर्याच्या फेऱ्याबरोबर ते त्याच क्रमाने परत आले असते. तसे ते येत नाहीत. म्हणजे सूर्याभोवती छोटे ग्रह फिरत असणार.

गॅलिलिओने उत्तर दिलं ते रोजच्या चित्रांवरून. दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडून डाग गिरवायचे, ही युक्ती त्याचा शिष्य कास्तेल्ली याची. चेंडूवर टिकली चिकटवून चेंडू फिरवून बघा. मधोमध ती गोल दिसते. कडेला गेली की चपटी दिसते आणि सरकतेही हळू. डागांचं अगदी तसंच होत होतं. दूरून फिरणाऱ्या ग्रहाचं तसं झालं नसतं. शिवाय डाग जन्मतात, फुटतात, विरतात. मग तेच परत कसे दिसणार? म्हणजे डाग सूर्याला लागूनच आहेत आणि सूर्य साधारण महिन्याभरात स्वतःभोवती फिरतो. १६१३ मध्ये त्याची पत्रं रोमला छापली गेली.

डाग आधी कोणी पाहिले यावरून दोघांत कायमचं वितुष्ट आलं. गंमत म्हणजे फाब्रिसियस नावाच्या तिसऱ्याचीच पुस्तिका १६११ मध्ये छापून झाली होती! पण मला मोठं वाटतं ते पुढचं. शायनर वर्षानुवर्षं डागांची चित्रं काढत राहिला. १६३० च्या ग्रंथात गॅलिलिओवर तोंडसुख घेतानाच त्याने मान्य केलं, की डाग सूर्यावरच आहेत. सूर्याचा आस सुमारे ७ अंश कललेला आहे, हेही त्याने मोजून दाखवलं. राग गेला नाही, पण नोंदींपुढे मत बदललं.

मुलांनो, मोठ्यांना सोबत घेऊन गच्चीवर हा प्रयोग करा. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून चुकूनही बघू नका. बिंब कागदावरच पाडा. आणि चित्राखाली तारीख घालायला विसरू नका. सगळा निकाल तिच्यावरच लागला होता.